पानाला मुभा, फुलाला तुरुंग

ऑगस्ट 2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. मागणी अशी की, दोन एकरांत गांजा लावायला परवानगी मिळावी. कोणत्याच पिकाला धड भाव नाही, साखर कारखाने उसाचे पैसे वेळेवर देत नाहीत, गांजाला मात्र बाजारात चांगला दर आहे, असं त्याचं म्हणणं होतं. 15 सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही, तर होकार समजून दुसऱ्या दिवसापासून लागवड करीन, असंही त्याने लिहिलं. पोलिसांनी हा प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. दोन दिवस बातमी गाजली आणि विरली.

वास्तविक तो अर्ज काही कायद्याच्या पार पलीकडचा नव्हता. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याचं कलम 10 या झाडाच्या लागवडीला परवानगी देण्याचा आणि तिच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्य सरकारांना देतं. उत्तराखंडाने 2018 मध्ये धागा आणि बियांसाठी लागवडीचे परवाने द्यायला सुरुवात केली. अट अशी की, नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकाचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या आत हवं. हिमाचल प्रदेशच्या मंत्रिमंडळानेही जानेवारी 2025 मध्ये नियंत्रित लागवडीच्या प्राथमिक प्रयोगाला मान्यता दिली. महाराष्ट्रात हा विषय निघतो तो बहुधा छाप्याच्या निमित्ताने. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातल्या वनजमिनीवर कापूस-तुरीच्या आड गांजा पिकतो, पोलीस झाडं उपटून जाळतात, गुन्हे दाखल होतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

कायद्याने या एकाच झाडाची वाटणी केली आहे. फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, आणि दोन्ही गुन्हा. शेंड्यापासून वेगळी केलेली पानं मात्र त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून वाराणसीत किंवा जैसलमेरमध्ये सरकारी परवान्याच्या दुकानात भांग मिळते, आणि त्याच झाडाचा शेंडा शेतात सापडला तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

या झाडावर बंदी घालावी का, हा प्रश्न या देशात एकदा फार कसोशीने विचारला गेला होता. मार्च 1893 मध्ये ब्रिटिश संसदेत विल्यम केन या मद्यपानविरोधी खासदाराने हिंदुस्थानातल्या गांजाचा विषय काढला आणि त्याच वर्षी चौकशी आयोग नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग धरून सात सदस्य, त्यांतले तीन भारतीय. आयोग प्रांतोप्रांती हिंडला आणि त्याने 1,193 साक्षी नोंदवल्या. मुंबई इलाखाही त्यात होता. आपल्या आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात तेव्हा गांजाची रीतसर शेती होत असे.

आयोगाच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. गांजाने माणूस वेडा होतो, हे तेव्हाचे डॉक्टरही गृहीतच धरत आणि पुरावा म्हणून इस्पितळांच्या नोंदवह्या दाखवत. आयोगाने त्या वह्याच तपासायला घेतल्या. 1892 साली दाखल झालेल्या 1,344 रुग्णांपैकी 222 जणांच्या आजाराचं कारण या झाडाची नशा असं लिहिलेलं होतं. एकेका रुग्णाची चौकशी केल्यावर हा आकडा 98 वर आला, आणि ज्यांच्या बाबतीत दुसरं कुठलंच कारण दिसत नव्हतं, असे 61 उरले. झालं होतं असं की, रुग्णाला घेऊन येणाऱ्या पोलिसाला कागदावर कारणाचा रकाना भरावा लागे. काहीच ठाऊक नसलं की तिथे गांजा लिहिला जाई. पुढे तीच नोंद वैद्यकीय सत्य म्हणून अहवालांत फिरत राहिली.

1894 च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता: बेताने सेवन करणाऱ्यांना जवळपास काहीच अपाय होत नाही, अतिरेक मात्र घातक आहे, आणि सरसकट बंदी गरजेचीही नाही नि हिताचीही नाही. कर लावा, परवाने द्या, जवळ बाळगण्याला मर्यादा घाला. यात साम्राज्याच्या महसुलाचा स्वार्थ होताच. तरीही ज्या चिकाटीने तो पुरावा तपासला गेला, तिच्याबद्दल आदर वाटतो.

1985 मध्ये ती चिकाटी कुठेच दिसली नाही. अमली पदार्थांबाबतच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली होती आणि पारंपरिक वापर थांबवण्याची 25 वर्षांची मुदत संपत आली होती. 23 ऑगस्टला एनडीपीएस विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, 16 सप्टेंबरला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, 14 नोव्हेंबरला कायदा लागू झाला. शतकानुशतकांची सवय काही आठवड्यांत गुन्हा ठरली.

या घाईची किंमत कोण मोजतं? सिनेमासृष्टीतल्या कुणाला अटक झाली की वाहिन्या रात्रंदिवस तेच दाखवतात, पण न्यायालयातली गर्दी वेगळी असते. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत 2017 आणि 2018 मध्ये निकाली निघालेली दहा हजारांहून अधिक प्रकरणं अभ्यासली. जवळजवळ सगळी स्वतःच्या सेवनाची, त्यांतही बहुसंख्य गांजाची. पकडलेले बरेचसे लोक मजुरीवर जगणारे, झोपडपट्टीत किंवा फुटपाथवर राहणारे. बहुतेकांनी गुन्हा कबूल करून टाकला. वकील लावून तारखांना हजर राहायचं, तर रोजचा खाडा परवडत नाही. दंड भरून सुटता येतं, पण नावावर शिक्षा कायमची लागते.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या 2019 च्या सर्वेक्षणात वर्षभरात या झाडाचा कोणता ना कोणता पदार्थ घेतलेल्यांची संख्या 3.1 कोटी आली, त्यांतले 1.3 कोटी बेकायदा गांजा-चरस घेणारे. इतक्या माणसांना गुन्हेगार मानणारा कायदा न्यायाने चालवताच येत नाही. पोलीस निवडून पकडतात, आणि ती निवड दुबळ्यावर येऊन थांबते.

बाजार मोकळा करा म्हणणारे अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याकडे बोट दाखवतात. तिथे 2012 मध्ये मतदारांनी कौल दिला, 1 जानेवारी 2014 ला दुकानं उघडली. करातला मोठा वाटा शाळांच्या इमारतींवर खर्च झाला, हे खरं. पण 2021 मध्ये 2.2 अब्ज डॉलरवर गेलेली विक्री 2023 पर्यंत 1.5 अब्जांवर घसरली. शेजारच्या राज्यांनीही दारं उघडली, माल उदंड झाला, भाव कोसळला. भाव पडला की आधी छोटा उत्पादक बुडतो, ही गोष्ट कांद्याच्या मुलखात कुणाला समजावून सांगायला नको.

आणि नोंदवह्यांचा प्रश्न पुन्हा आलाच आहे. कॅनडाने 17 ऑक्टोबर 2018 ला विक्री कायदेशीर केली. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओंटारिओतल्या मोठ्या अभ्यासानुसार, स्किझोफ्रेनियाच्या नव्या रुग्णांतला गांजाच्या व्यसनाशी जोडता येणारा वाटा 3.7 टक्क्यांवरून 10.3 टक्क्यांवर गेला. त्यात कार्यकारण किती, यावर संशोधकांत वाद आहे. मात्र आजचा माल 1894 चा नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात 1995 मध्ये सरासरी 4 टक्के टीएचसी होतं, 2021 पर्यंत ते 15 टक्क्यांवर गेलं. ग्राहकाने जास्त घ्यावं यातच ज्या कंपनीचा नफा आहे, तिच्या हाती हे सोपवणं धोक्याचं आहे. थायलंडने जून 2022 मध्ये झाड मोकळं केलं, हजारो दुकानं उभी राहिली, आणि तीन वर्षांत सरकारला डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती आणावी लागली.

जर्मनीने 1 एप्रिल 2024 पासून वेगळी वाट धरली आहे. प्रौढाला बाहेर 25 ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगता येतो, घरी तीन झाडं लावता येतात, नफा न कमावणाऱ्या मंडळांत सामील होता येतं. दुकानं नाहीत, जाहिरात नाही. महाराष्ट्रात आरंभ याहून साधा करता येईल. सेवनासाठी पकडलेल्याला न्यायालयाऐवजी उपचारकेंद्राकडे पाठवणं, आणि त्यासाठी जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा नि मानसोपचारतज्ज्ञ असणं, हे आधी. लागवडीचे परवाने निघालेच, तर ते दोन-पाच एकरवाल्यांना आणि सातपुड्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांना आधी मिळावेत, आणि खरेदीची हमी सरकारने घ्यावी. तेही करण्याआधी एक आयोग नेमावा. त्याने मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगापासून शिरपूरपर्यंत हिंडावं आणि पोलिसांनी भरलेला प्रत्येक रकाना पुन्हा तपासावा.