अत्तर-गुलाबाच्या गावी

जुन्या लग्नमंडपांत पाहुण्यांचे स्वागत अत्तर-गुलाबाने होई. अत्तर लावायचे ते हाताच्या पाठीवर, नेमके एक बोट. गुलाबपाणी मात्र गुलाबदाणीतून सगळ्यांच्या अंगावर खुशाल शिंपडायचे. सुगंध तोच, मग एकाला एवढी काटकसर आणि दुसऱ्याची एवढी उधळण का? याचे उत्तर हवे असेल तर कनोजला जावे.

माझ्या जाण्याला घरगुती कारणही होते. माझी भाची हल्लीच्या मुलींप्रमाणे तोंडाला लावायची क्रीमे घरीच करते. गेल्या दिवाळीत तिने उटणे कालवताना गुलाबपाण्यात कसल्याशा सुगंधी तेलाचे दहाबारा थेंब टाकले. दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले आणि भाऊबीज तिने पदराआड साजरी केली. "मामा, दोन्ही फुलांचेच ना? मग असे का?" हा तिचा प्रश्न बरोबर घेऊनच मी मार्चअखेर निघालो.

कानपूरहून कनोज सुमारे ८० किलोमीटर. सातव्या शतकात ही हर्षवर्धनाची राजधानी होती, ह्युएनत्संगाने ती पाहिली होती. आज ते वैभव शोधू गेलात तर हिरमुसाल. हे गाव नाकाने पाहावे. बडा बाजारातल्या गल्ल्यांतून चालताना दर चार पावलांवर ऋतू पालटतो. इथे मोगरा, तिथे वाळा, पुढे पहिल्या पावसाने भिजलेली माती! होय, भाजलेल्या मातीचेही अत्तर इथे काढतात.

एका जुन्या कारखान्यात मला भट्टी पाहायला मिळाली. पहाटे खुडलेले गुलाब पोत्यांनी येऊन पडत होते. ते पाण्यासह तांब्याच्या मोठ्या डेगीत घालतात, झाकण माती-कापसाने लिंपतात आणि खाली लाकडे पेटवतात. वाफ दोरीने गुंडाळलेल्या बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरते. या भांड्याचे नाव भपका. आपल्याकडे भपका म्हणजे दिखावा. इथला भपका मात्र गळ्यापर्यंत पाण्यात बसून मुकाट्याने काम करतो.

भपक्यात आधी चंदनाचे तेल घातले, तर ते वाफेतला गंध शोषून घेते, ते अत्तर. चंदन महाग झाल्याने आता पुष्कळदा दुसरे गंधहीन तेल घालतात, तेव्हा विकत घेताना विचारलेले बरे. भपका रिकामा ठेवला, तर वाफेचे पाणी होते, ते गुलाबजल. त्यावर तेलाची जी पुसट साय तरंगते, ती रूह. किलोभर रूह मिळवायला सुमारे ४,००० किलो फुले लागतात!

जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात या शोधाचे श्रेय नूरजहानच्या आईला दिले आहे. ऊन गुलाबपाणी ताटल्यांत ओतताना वर धरलेला तवंग तिने थोडा थोडा गोळा केला, असे तो लिहितो. सलीमा सुलतान बेगमने त्याचे नाव ठेवले 'इत्र-ए-जहांगिरी'. बाकी मान पाण्याचाच थोरला. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. आपण ज्या फुलाला गुलाब म्हणतो, ते नाव मुळात पाण्याचे!

भट्टीवरच्या म्हाताऱ्या कारागिराला मी भाचीची हकीकत सांगितली. तो हसला. "मास्तरसाहेब, पाण्याने तोंड धुवा. रूह अख्ख्या बागेचा अर्क आहे. बाग कोणी गालावर घेते का?"

शास्त्रही हेच सांगते. फुलातली पाण्यात विरघळणारी द्रव्ये अल्प प्रमाणात गुलाबजलात उतरतात, म्हणून ते सौम्य असते. तेल पाण्यात विरघळत नाही. कितीही हलवा, थेंब वर येतो आणि जिथे टेकेल तिथे चामडी भाजतो. भाचीच्या गालांवरचे चट्टे त्याचेच. सुगंधी तेल वापरायचेच तर ते तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात मिसळावे. १०० मिलिलिटरला एक मिलिलिटर पुष्कळ झाले, चेहऱ्यासाठी त्याच्याही निम्मे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. सालीतून पिळून काढलेले लिंबाचे तेल लावून उन्हात जाऊ नये. तान्ह्या मुलांना तर यातले काहीच नको.

पाणी सौम्य म्हणून त्याच्याशी निष्काळजीपणा नको. ते नासते. स्वच्छ बाटलीत, शीतकपाटात ठेवावे. गढूळ दिसले की फेकून द्यावे. बाजारातले कित्येक 'गुलाबजल' म्हणजे साध्या पाण्यात घातलेला वास असतो, म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरे वाचावीत. उटणे कोरडेच डब्यात ठेवावे आणि त्या दिवशी लागेल तेवढेच गुलाबजलात कालवावे. ओले उटणे दुसऱ्या दिवसापर्यंत जपणे म्हणजे बुरशीला फराळाचे आमंत्रण!

परतताना मी भाचीसाठी गुलाबजलाची मोठी बाटली घेतली. रुहेची करंगळीएवढी कुपी दुकानदाराने दाखवली आणि किंमत सांगितली. प्राध्यापकाच्या पगारात तिचा वासच तेवढा परवडला, आणि तो त्याने फुकट दिला.