मुडिचूर रोडचा पांडू

चेन्नईच्या पश्चिम तांबरमला, मुडिचूर रोडच्या आतल्या एका गल्लीत, हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका मराठी तंत्रज्ञाचं घर आहे. नोकरीची शेवटची वर्षं तांबरमच्या तळावर गेली, मुलींच्या शाळाही इथल्याच, त्यामुळे गावी परतायचं राहिलं ते राहिलंच. घराभोवती अंगण, त्यात दोन नारळ, एक शेवगा, कढीपत्ता आणि मुलींच्या आजींनी हौसेनं जपलेला अबोलीचा वाफा. २००६ साली, दिवाळीला काही आठवडे उरले असताना, या अंगणात एक पांढरंशुभ्र पिल्लू येऊन दाखल झालं.

ते आलं आजोबांच्या हट्टापायी. आजोबा मूळचे जतकडचे. त्या भागात धनगरांमागून धावणारी लांब तोंडाची, बरगड्या मोजाव्यात अशी कारवानी कुत्री त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. जानेवारी २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली: हिमालयन मेंढपाळ कुत्रा, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजपालयम. आजोबांनी ती अल्बमात लावली आणि मुधोळचं, म्हणजे आपलं कारवानी, पिल्लू हवं म्हणून धोशा लावला. मुधोळ राहिलं दूर. जावयाच्या ओळखीतून मिळालं ते चौथ्या तिकिटावरचं, विरुधुनगर जिल्ह्यातल्या राजपालयम गावाचं नाव लावणारं. गुलाबी नाक, पिवळसर डोळे, अंगावर एक डाग नाही. नाव पडलं पांडू. शेजारच्या अक्का मदुराईकडच्या, त्यांनी त्याचा लगेच पांडी केला.

पहिले काही दिवस पांडू हट्टी आहे असंच सगळे समजले. हाक मारली तर ढिम्म हलायचा नाही. समोर गेलं की मात्र शेपटीसकट सगळा हलायचा. मग दिवाळी आली. तमिळ दिवाळी पहाटे चारलाच सुरू होते, आणि या गल्लीत तर तेव्हा हजारांच्या माळांची चढाओढ असायची. इतर घरांतली कुत्री खाटेखाली, मोरीत, मिळेल तिथे घुसलेली. पांडू ओसरीवर चारी पाय वर करून झोपलेला. आजोबांना कोण अभिमान! ‘शिकारी रक्त आहे,’ असं ते येईल त्याला सांगत होते. आजींना काही ते पटेना. त्यांनी स्वयंपाकघरातून स्टीलची परात आणली आणि त्याच्या डोक्यामागे दाणकन आपटली. पिल्लानं कानसुद्धा हलवला नाही.

शहरात वेपेरीला १९०३ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड दुखणं असलं की लोक दूरच्या उपनगरांतून रिक्षात जनावर घालून तिथे जातात. घरचेही पांडूला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी पाठीमागून किल्ल्या वाजवल्या, टाळ्या वाजवल्या आणि दोन्ही कान जन्मापासून गेलेले आहेत असं सांगितलं. कारण त्याच्या रंगातच होतं. कानाच्या आतल्या भागाचं काम नीट चालायला रंगपेशी लागतात. त्या नसल्या की ध्वनी टिपणाऱ्या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. काळ्या ठिपक्यांच्या डाल्मेशियनमध्येही हेच होतं. अमेरिकेतल्या तपासण्यांत त्यांतले जवळजवळ तीस टक्के एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. राजपालयमला तर गिऱ्हाईकच पांढऱ्याचं. डाग असलेलं पिल्लू कमअस्सल ठरतं, मागे पडतं आणि पांढऱ्याला पांढराच जोडला जातो. शौक माणसाचा, कान कुत्र्याचे.

परत पाठवा, असं सांगणारे भेटलेच. आजी म्हणाल्या, ‘परत द्यायला काय ते कुकर आहे?’ विषय संपला.

मग घराला हातवाऱ्यांची सवय लागली. उघडा पंजा दाखवला की बस. बोटांचा घास करून तोंडाशी नेला की जेवण. मनगटाला दोनदा बोटं लावली की साखळी, म्हणजे फिरायला. रात्री अंगणातून बोलवायचं तर ओसरीचा दिवा दोनदा उघडझाप करायचा. सगळ्यात महत्त्वाचा नियम झोपेचा होता. बहिऱ्या कुत्र्याला झोपेत एकदम हात लावला तर ते दचकून चावू शकतं. म्हणून आधी हात नाकाजवळ धरायचा, वास पोचला की मग थोपटायचं. आजींचा हिंगाचा हात नाकाशी आला की पांडू डोळे उघडायच्या आधी जीभ बाहेर काढायचा. अक्का त्याच्याशी तमिळ बोलायच्या, घरचे मराठी. त्याला दोन्ही सारखंच.

बहिरेपणाची गोष्ट मात्र गल्लीत फुटू द्यायची नाही, हा सल्ला अक्कांचाच. चोराला कळलं तर राखणीची अब्रू काय राहील! पांडू भुंकायचा मात्र सणसणीत, फक्त कशावर ते त्याचं त्यालाच ठाऊक. भिंतीवरून सरकणारी सावली, घारीची फेरी, वाळत घातलेली साडी. तळावरची विमानं डोक्यावरून गरजत गेली तर ढुंकून पाहायचा नाही. साखळीशिवाय मात्र त्याला फाटकाबाहेर सोडायची सोय नव्हती. मुडिचूर रोडवर हॉर्न हाच वाहतुकीचा कायदा, आणि तो त्याला लागू पडत नव्हता.

बागेत त्याची जागा शेवग्याखाली. नारळाच्या आळ्यातल्या ओल्या वाळूत पोट थंड करायचं आणि मग शेवग्याच्या सावलीत येऊन पडायचं. पाऊस सुरू झाला की शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थरच्या थर बसतात. तमिळमध्ये त्यांना कंबळिपूची म्हणतात, म्हणजे घोंगडीतला किडा. पहिल्याच वर्षी पांडूनं त्या घोंगडीत नाक खुपसलं. गुलाबी नाक सुजून टमाटर झालं आणि पुढे प्रत्येक पावसाळ्यात तो त्या झाडाला लांबून वळसा घालू लागला. दारासमोरच्या कोलमवर मात्र त्यानं कधी पाय दिला नाही. अक्का पिठाच्या रेघा ओढत तेव्हा तो फाटकाच्या गजांतून त्यांच्या हाताकडे बघत बसायचा. हात हलतोय म्हणजे कुणीतरी काहीतरी सांगतंय, अशी त्याची समजूत असावी.

घरातलं दुसरं वेड सिनेमाचं. मुली विद्या थिएटरला, जरा मोठा बेत असला तर क्रोमपेटच्या वेट्रीला जायच्या. आजी-आजोबांचा सिनेमा टीव्हीवर. जुन्या डबा टीव्हीकडे पांडू बघायचाही नाही. कुत्र्याचा डोळा आपल्यापेक्षा जलद लुकलुक टिपतो, त्यामुळे त्या पडद्यावर त्याला चित्राऐवजी थरथर दिसत असणार. सपाट टीव्ही आला आणि हा गडी प्रेक्षक झाला. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी क्रिकेटच्या सामन्यात पंच होतो, तेव्हा पांडू पडद्याच्या मागे जाऊन वास घेऊन आला. ‘हाथी मेरे साथी’ लागला की आजोबा हटकून सांगायचे की त्याचे निर्माते सँडो चिन्नप्पा देवर इथलेच, तमिळनाडूचे. पण पांडूचा खरा लाडका सिनेमा ‘वळू’. त्यातला डुरक्या बैल पडद्यावर आला की तो उभा राहायचा आणि बैल जाईपर्यंत बसायचा नाही. आवाज बंद करून सिनेमा बघायची खोड घराला इथेच लागली. पांडूला कशाला हवा आवाज, आणि आजोबांनाही तोवर कमीच ऐकू येऊ लागलं होतं.

कुत्रा आणि सिनेमा ही जोडी तांबरमला तशी परकी नाही. तमिळ सिनेमाचे इतिहासकार थिओडोर भास्करन तांबरमच्याच मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकले. पोस्टाच्या सेवेत तमिळनाडूच्या सर्वोच्च पदापर्यंत पोचलेल्या या गृहस्थांनी २०१७ मध्ये भारतीय कुत्र्यांवर पुस्तक काढलं. थोरलीनं ते घरी आणलं, तेव्हा आजोबांनी राजपालयमचं पान सोडून आधी मुधोळचं काढलं.

१ डिसेंबर २०१५. त्या एका दिवसरात्रीत तांबरमला ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. मुडिचूरच्या वस्त्यांत आड्यार नदीचं पाणी शिरलं, या घरात गुडघ्याच्या वर चढलं. अशा वेळी कथेतला कुत्रा भुंकून घर जागं करतो. पांडू जिन्याच्या चौथ्या पायरीवर गाढ झोपला होता. त्याला दोघांनी चादरीत घालून गच्चीवरच्या खोलीत नेलं, तेव्हा कुठे त्यानं एक डोळा उघडला. खरी पंचाईत पुढे झाली. वीज गेली, फोन मुके झाले आणि अंधारात हातवारे दिसेनात. पांडू कावराबावरा होऊन प्रत्येकाच्या मांडीवर चढू लागला. शेवटी धाकटीनं एका हातात विजेरी धरून दुसऱ्या हातावर प्रकाश टाकला आणि पंजा दाखवला. तो बसला. मग वीज येईपर्यंत घरातला प्रत्येक जण त्याच्याशी असाच, स्वतःच्या हातावर उजेड पाडून, बोलत होता.

पुढच्या डिसेंबरात वरदा चक्रीवादळानं शेवगा मुळासकट पाडला. शेवग्याचं लाकूड ठिसूळच. नारळ वाकले आणि उभे राहिले. पांडूची सावली गेली ती गेलीच. तो पंख्याखाली आला आणि फारसा बाहेर गेला नाही.

दरम्यान त्याचं रूप बघून पिल्लांसाठी विचारणारे येतच होते. क्रोमपेटचे एक गृहस्थ तर आपल्या पांढऱ्या मादीचे फोटो घेऊन यायचे. घरच्यांनी प्रत्येकाला नाही म्हटलं. क्रोमपेटच्या गृहस्थांना निदान खरं कारण सांगितलं, तर ते म्हणाले, बहिरा असला म्हणून काय झालं, रंग तर बघा.

२०१८च्या उन्हाळ्यात पांडू गेला. बारा वर्षं या जातीला कमी नव्हेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आविन दुधाच्या पिशव्या टाकणारा पोरगा फाटकाशी थबकला. आज कुत्रं का ओरडलं नाही, असं त्यानं विचारलं. आजींनी सांगितलं आणि आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून बहिरेपणाचंही सांगून टाकलं. पोरगा हसला. शक्यच नाही म्हणाला. रोज पहाटे तो कोपऱ्यावर सायकलची घंटा वाजवायचा आणि पांडी लगेच भुंकायचा, मग ती घंटा ऐकायचं कोण?

‘आम्ही,’ आजी म्हणाल्या. ‘आम्ही दिवा लावायचो, तो दिवा बघून भुंकायचा.’

पोराला काही ते पटलं नाही.