फुंकणी

तंत्रज्ञ मुलीनं आईच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि म्हणाली, "मावशी, छातीभर श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात बाहेर फेकायचा. मी थांबा म्हणेपर्यंत फुंकत राहायचं."

आईनं श्वास घेतला आणि हळूहळू, एकसारखं फुंकलं.

"असं नाही मावशी, जोरात."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा माझ्या ध्यानात आलं, आई फुंकणी फुंकत होती. आयुष्यात तिनं ओठांना लावलेली नळी ती एवढीच. जोरानं फुंकलं की राख उडते, डोळ्यांत जाते. विस्तव पेटतो तो दमादमानं फुंकल्यावर. चाळीस वर्षं चुलीपुढं बसून शिकलेली ही रीत स्पायरोमेट्रीच्या यंत्राला मात्र चालत नव्हती.

शेवटी कशीबशी तपासणी झाली. मग औषधाचा फवारा देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. कागदावरची रेघ दोन्ही वेळा सारखीच, खाली वाकलेली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, बिडी वगैरे ओढायचा का कधी?" आईला हसू आलं आणि हसता हसता धाप लागली. "मिश्री लावते," ती म्हणाली, "पण ओढत नाही बाई काही."

"मग स्वयंपाक चुलीवर?"

"मग कशावर?" आई म्हणाली.

डॉक्टरांनी कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं. श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात, त्यांना पुन्हा दोन, असे तेवीस वेळा. झाड उलटं टांगावं तसं. त्या डहाळ्यांच्या टोकांना हवेचे बारीक फुगे, वायुकोश. माणसाच्या छातीत ते तीस ते पन्नास कोटी असतात. सगळे उलगडून पसरले तर जवळजवळ बॅडमिंटनचं कोर्ट झाकलं जाईल. त्यांची भिंत इतकी पातळ की पलीकडून वाहणाऱ्या रक्तात प्राणवायू सहज उतरतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड इकडे येतो. मोठ्या नळ्यांच्या आतून सूक्ष्म केसांचं अस्तर असतं. ते धूळ, चिकटा सतत वर लोटत असतं. रोजच्या धुरानं हे केस झडतात. अडीच मायक्रॉनहून बारीक कण त्यांना चुकवून थेट टोकाच्या फुग्यांपर्यंत जातात. नळ्या सुजून अरुंद होतात, फुग्यांच्या भिंती फाटतात. त्या पुन्हा होत नाहीत.

"आजींना श्वास घेता येत नाही असं तुम्हाला वाटतं," डॉक्टर मला म्हणाले. "खरं म्हणजे त्यांना तो सोडता येत नाही."

हे मला माहीत नव्हतं. श्वास घेणं हे कष्टाचं काम. छातीखालचा पडदा आकसून खाली सरकतो, फासळ्या उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत ओढली जाते. सोडण्याला निरोगी माणसाला काही करावं लागत नाही. ताणलेलं फुप्फुस रबरासारखं आपोआप मिटतं. आईच्या फुप्फुसातला हा ताणच गेला होता. बाहेर पडण्याआधीच बारीक नळ्या मिटायच्या, जुनी हवा आतच कोंडून राहायची. तसं कितीही सोडलं तरी लिटरभर हवा प्रत्येकाच्याच छातीत उरते. आईच्या छातीत तिनं एवढी जागा धरली होती की नवीन हवेला शिरायला वावच नव्हता.

घरी परतताना मी हिशेब मांडत होते. आमच्याकडे गॅस २०१६च्या उज्ज्वला योजनेच्या कितीतरी आधी आला होता. तो चहाला आणि पाहुण्यांना. भाकरी, आमटी, अंघोळीचं पाणी सगळं चुलीवरच. सिलिंडर विकत आणावा लागे. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या घरच्या होत्या. पावसाळ्यात जळण ओलं असे आणि स्वयंपाकघरातलं काही दिसत नसे. वडिलांना गॅसवरची भाकरी गोड लागत नसे.

पण सगळं वडिलांवर ढकलून मी सुटत नाही. शिकून शहरात आले, नोकरीला लागले, तरी दिवाळीला गेले की मीच म्हणायची, "आई, चुलीवरची भाकरी कर ना, तिकडं मिळत नाही." आई लगेच उठायची. मी दारात पाटावर, वाऱ्याच्या बाजूला बसायची. ती आत धुरात. पदरानं डोळे पुसायची आणि विचारायची, "अजून एक टाकू?" मी हो म्हणायची. घरच्या चवीवर मी लिहिलेही आहे, दोनदा. त्या लेखांत धूर आहे, पण सुगंध म्हणून.

दम हा शब्द मराठीत फारसीतून आला. तिथं त्याचा अर्थ श्वास. आपण दम धरतो, दम देतो, दम खातो. हिंदीत दम घुटतो आणि दम निघतोही. दमा त्याच घरातला. आईचा आजार दम्याहून वेगळा, पण गावात सगळे 'दमाच' म्हणतात. आई कधी कोणाला दुरुस्त करत नाही.

महिन्याभरानं फिजिओथेरपीला गेलो. तिथल्या बाईंनी आईला शिकवलं, "नाकानं श्वास घ्या. आता ओठांचा चंबू करा आणि हळूहळू, एकसारखं सोडा. घ्यायला दोन आकडे, सोडायला चार." ओठ आवळले की आतल्या नळ्यांत थोडा दाब राहतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि कोंडलेली हवा निघून जायला वेळ मिळतो.

आईनं पहिल्याच खेपेला बरोबर केलं. बाई म्हणाल्या, "वा! कुणी शिकवलंय का आधी?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलले नाही.

आता ती माझ्याकडंच असते. इनहेलर सकाळ-संध्याकाळ. जिना चढताना मध्ये थांबते, कठड्याला धरते, ओठ आवळून फुंकते. मी शेजारी उभी राहून मनात चार आकडे मोजते. परवा तिनं हट्टानं गॅसवर भाकरी केली. मी खाल्ली, चांगली झाली म्हणाले.

"खोटं बोलू नको," आई म्हणाली. मग थोडं थांबून, दम खाऊन, तिनं विचारलं, "अजून एक टाकू?"