केसपेपरवरचा रिकामा रकाना

दवाखान्यातल्या केसपेपरवर ताप लिहिला जातो, बीपी लिहिलं जातं, गोळ्यांची नावं तर लिहावीच लागतात. वजनाचा रकाना मात्र पुष्कळदा रिकामा राहतो. बाहेर बाकावर पेशंट ताटकळत असताना सर्दी-खोकल्यासाठी आलेल्या माणसाला काट्यावर उभं करायला सवड नसते. शिवाय विषय काढला तर तो दुखावेल, ही धास्ती असते. मग वजन पहिल्यांदा नीट लिहिलं जातं ते बहुधा शुगर निघाल्यावर किंवा गुडघे दुखायला लागल्यावर. तोवर दहा-बारा किलो वाढलेले असतात आणि ते कोणत्या वर्षी, कशामुळे वाढले, याचा कागदावर मागमूस नसतो.

फॅमिली डॉक्टरची खरी ताकद इथेच वाया जाते. मोठ्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञाला पेशंट आजारपणापुरता भेटतो. फॅमिली डॉक्टरपुढे तोच माणूस वर्षानुवर्षं येत असतो. एकाच काट्यावर, चपला काढून, वर्षातून दोनदा घेतलेलं वजन तारखेसह लिहिलं, की त्यातून गोष्ट उलगडत जाते. दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढलेले पाच किलो उतरलेच नाहीत. रात्रपाळी लागली आणि काटा सरकायला लागला. सिगारेट सुटली, वजन चढलं.

कधी कधी कारण डॉक्टरांच्याच चिठ्ठीत असतं. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, स्टेरॉइड, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलीन, फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारासाठीचं ओलान्झापीन या सगळ्यांनी वजन वाढू शकतं. औषध सुरू केलं त्या दिवशीचं वजन लिहिलेलं असेल, तरच तीन महिन्यांनी हे लक्षात येतं. नाहीतर ‘पाणी प्यायलं तरी अंगाला लागतं’ म्हणणाऱ्या बाईवर कुणी विश्वास ठेवत नाही.

वजनाशेजारी उंची हवीच; या दोहोंतूनच बीएमआय निघतो. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा बीएमआय ५९ किलोला २३ आणि ६४ किलोला २५ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या मापात जादा वजन २५ पासून आणि लठ्ठपणा ३० पासून मोजतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्यासाठी या रेषा अनुक्रमे २३ आणि २५ वर आणल्या. त्यामागचं कारण पुण्याच्या एका डॉक्टरांनी स्वतःच्याच शरीरावरून दाखवलं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! अंगानं बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांना मधुमेह का गाठतो, हे त्या एका फोटोत दिसतं.

म्हणून काट्याइतकीच टेपही महत्त्वाची. कंबरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि बायकांमध्ये ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर तो लिहून बोलायला हवा. ‘माझी पँट चौतीसचीच आहे’ या उत्तरावर विसंबता येत नाही, कारण पट्टा पोटाच्या खाली बांधलेला असतो. परकराच्या नाडीची जागाही मापाची नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर टेप धरायची.

आकडा कुठे आणि कसा बोलला जातो, यावर पुढचं बरंच ठरतं. काटा बाहेर, बाकांसमोर असेल आणि कंपाउंडर चारचौघांत ‘ब्याऐंशी!’ म्हणून पुकारत असेल, तर ती बाई पुढच्या वेळी काट्यावर चढणार नाही. काटा आतल्या खोलीत हवा. आधी विचारावं, ‘वजनाबद्दल थोडं बोललं तर चालेल का?’

हे विचारायला डॉक्टर उगाच कचरतात. ब्रिटनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३७ फॅमिली डॉक्टरांनी, दुसऱ्याच तक्रारीसाठी आलेल्या १,८८२ लठ्ठ पेशंटांशी अर्धा मिनिट वजनाबद्दल बोलून पाहिलं. ते बोलणं अनुचित वाटलं, असं फक्त चौघांनी सांगितलं. ज्यांना नुसता सल्ला दिला त्यांचं वर्षभरात सरासरी एक किलो उतरलं. ज्यांना लगेच मोफत साप्ताहिक वर्गात नाव घालून दिलं त्यांचं सुमारे अडीच किलो. आपल्याकडे असे वर्ग दारात नाहीत. तो पाठपुरावा डॉक्टरांनाच पुढच्या भेटीची तारीख देऊन करावा लागतो.

‘खाणं कमी करा, चालायला जा’ ही काही चिकित्सा नव्हे. विचारायचं ते नेमकं. चहा किती वेळा, साखर किती? दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे म्हटलं, तर जवळपास दोनशे कॅलरी नुसत्या चहातून जातात. घरात महिन्याला तेल किती लागतं? चौघांच्या घरात चार लिटर संपत असेल, तर माणशी रोज तीसेक ग्रॅम तेल पोटात जातं. रात्री जेवायला किती वाजतात? घोरणं आहे का, पाळी नियमित येते का, थायरॉइड तपासलं आहे का? ही उत्तरं केसपेपरवर आली, की उपदेशाच्या जागी एखादा करता येण्याजोगा बदल सुचतो.

उद्दिष्टही माणसाला पेलवेल असं हवं. अमेरिकेतल्या २००२ सालच्या गाजलेल्या अभ्यासात सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं एवढंच लक्ष्य होतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांमध्ये पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली मांडलेले निष्कर्ष आपल्याला अधिक जवळचे आहेत. तिथे आहार-व्यायामानं हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं, आणि तेही वजनात फारसा फरक न पडता! काटा हलला नाही म्हणून ज्याला हिरमुसून घरी जावं लागतं, त्या पेशंटला हे सांगणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे. चालण्याची मिनिटं, कंबर आणि शुगर हे आकडे वजनाच्या बरोबरीनं लिहायचे ते याचसाठी.

आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आली आहेत. २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात मिळू लागलं. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. इंजेक्शन तज्ज्ञ लिहून देतील. पण उलट्या होऊ लागल्या, जेवण फारच कमी झालं, पायातली ताकद गेल्यासारखी वाटली किंवा पैसे संपले म्हणून डोस मध्येच बंद केला, की माणूस आधी घराजवळच्या दवाखान्यात येणार आहे. तेव्हा सुरू केल्याची तारीख, त्या दिवशीचं वजन, कंबर, रोजच्या जेवणात डाळ-उसळ-अंडी किती आणि बंद केल्यापासूनचं महिन्या-महिन्याचं वजन, एवढं तिथल्या डॉक्टरांच्या हाताशी असायला हवं.