ग्रावे म्हणजे जड

हायडनच्या 'येशूची अखेरची सात वचनं' या रचनेची स्वरलिपी उघडली की माझी नजर आधी सुरांवर जात नाही. डोक्यावरच्या बारीक शब्दांवर जाते. लार्गो, ग्रावे, पुन्हा ग्रावे, लार्गो, अदाजो, लेंतो आणि शेवटी लार्गो. सात वचनांचे सात भाग, सातही संथ.

मागणी स्पेनमधल्या कादिझहून आली होती, 1786 च्या सुमारास. प्रसंग गुड फ्रायडेच्या आधीच्या उपासाच्या दिवसांतला. हायडननंच पुढे सांगितलंय, की चर्चच्या भिंती, खिडक्या, खांब काळ्या कापडानं झाकायचे आणि मधोमध एकच मोठा दिवा टांगायचा. दुपारी बाराला दारं बंद. बिशप एक वचन उच्चारून त्यावर बोलत, मग खाली उतरून वेदीपुढे गुडघे टेकत. तेवढा वेळ वाद्यांनी भरायचा. दहा-दहा मिनिटांच्या सात संथ चिजा, त्याही ऐकणाऱ्याला न कंटाळवता! सोपं नव्हतं, हेही तोच सांगतो.

आपण या सगळ्याला विलंबित म्हणून मोकळे झालो असतो. पण लेंतो सोडला तर हे शब्द मुळात वेगाचे नाहीतच. इटलीत रस्ता लार्गो असतो, म्हणजे रुंद. आजारी माणूस ग्रावे असतो. ग्रावे म्हणजे जड. आपला 'गुरु' त्याचाच दूरचा भाऊबंद. वृत्तात गुरु अक्षर दोन मात्रा खातं, लघु एकच. जड झालं की वेळ लागतोच. लय आकड्यात मोजणाऱ्या मेट्रोनोमचं पेटंट 1815 चं, हायडन गेल्यानंतरचं. त्याच्या वादकांपुढे आकडा नव्हता, नुसतं विशेषण होतं.

मला अडवतो तो पाचवा भाग. वचन आहे, 'मला तहान लागली आहे.' आणि वर लिहिलंय अदाजो, म्हणजे आरामात, सवडीनं. तहानेनं जीव चाललेल्याला कसली आलीय सवड? मग ऐकावं. खालची वाद्यं गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात. टप्. टप्. वर व्हायोलिनचे दोनच उतरते स्वर. सवड आहे ती थेंबांना. पुढे तारा खवळतात, ओरडतात. थेंबांना त्याचं काही नाही, ते पुन्हा आपले पडू लागतात.

सातव्यानंतर 'भूकंप' नावाचा शेवटचा तुकडा येतो. प्रेस्तो, सगळ्या ताकदीनिशी. दोनेक मिनिटांत आटोपतो. मी बहुतेकदा तिथवर जातच नाही. तहानेपाशी परत येतो.