जुन्या झेनला वेग देताना

मारुती झेन १९९३ मध्ये बाजारात आली आणि २००६ मध्ये मूळ झेनचे उत्पादन थांबले. पुढे हेच नाव एस्टिलोला मिळाले, पण ती वेगळी गाडी. मूळ झेनमध्ये ९९३ सीसीचे, चार सिलिंडरचे, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचे इंजिन होते. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ६१ मिलिमीटर. धाव आखूड असलेले इंजिन वरच्या फेऱ्यांत खुलते. कार्ब्युरेटरच्या झेनची ५० अश्वशक्ती मिनिटाला ६५०० फेऱ्यांवर मिळत असे. कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय, म्हणजे इंधन-इंजेक्शन, आल्यावर ती साठच्या घरात गेली. आकडा आज किरकोळ वाटतो, पण गाडीचे वजन साडेसातशे किलोच्या आसपास आहे. या गाडीची खरी दौलत हे हलकेपण आहे, आणि पुढचा प्रत्येक बदल ते राखतो की घालवतो, एवढे पाहिले तरी निम्मे निर्णय आपोआप होतात.

नवा भाग आणण्याआधी गाडीत मूळची ताकद किती शिल्लक आहे हे मोजावे लागते. वीस-पंचवीस वर्षांच्या इंजिनाने कारखान्यातली ५० अश्वशक्ती तशीच जपली असेल असे गृहीत धरता येत नाही. सुरुवात कॉम्प्रेशन टेस्टने होते. इंजिन गरम करायचे, चारही प्लग काढायचे, इग्निशन बंद ठेवायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर फिरवून एकेका सिलिंडरचा दाब नोंदवायचा. चार आकड्यांत साधारण एक किलोपेक्षा जास्त फरक नसावा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे. दहा मिनिटांच्या या चाचणीवरून पुढचा खर्च कुठे करायचा ते ठरते. ती न करता फ्री-फ्लो सायलेन्सर बसवणाऱ्यांच्या हाती बहुधा फक्त आवाज येतो.

त्यासोबत टॅपेट सेटिंग, टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट, रेडिएटर, कूलंटचे पाइप, प्लगच्या वायरी आणि बॅटरीपासून इंजिनापर्यंतची अर्थिंग पाहून घ्यावी. गंजलेल्या अर्थिंगमुळे ठिणगी कमजोर पडते आणि दोष भलत्याच भागावर येतो. हे काम कुणाला दाखवण्याजोगे नसते. पण दुर्लक्षित गाडीत पहिला जाणवणारा फरक याच कामाने पडतो.

यानंतर टायर. गाडीचा रस्त्याशी संबंध तळहाताएवढ्या चार ठशांपुरता असतो. झेनचे मूळ माप १४५/७० आर १३: रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १३ इंची. म्हणजे दोन्ही बाजूंची उंची मिळून २०३ मिलिमीटर, त्यात रिमचे ३३०. पूर्ण चाक ५३३ मिलिमीटरचे. आता १५५/६५ आर १३ घेतला, तर चाक ५३२ मिलिमीटरचे होते. रुंदी वाढते, गिअरचे गणित आणि स्पीडोमीटर जागच्या जागी राहतात, आणि टायर सहज मिळतो. याउलट रुबाबासाठी १४ इंची अलॉय आणि १६५/६५ टायर चढवला, तर चाक ५७० मिलिमीटरचे होते. ही जवळपास सात टक्क्यांची वाढ. प्रत्येक गिअर तितकाच लांबतो, चाकांवरची ओढ तितकीच घटते, स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवू लागतो आणि मडगार्डला टायर घासण्याची भीती राहते. ५० अश्वशक्तीच्या गाडीत सात टक्के घालवणे परवडत नाही. अलॉय घ्यायचेच तर १३ इंची आणि वजनाने हलके घ्यावेत. टायरच्या बाजूवरचा उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष दाखवणारा चार आकडी क्रमांकही वाचावा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक झालेले असते.

ब्रेकची गोष्ट अधिक गंभीर आहे. झेनला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, आणि मूळ वजनाला ते पुरतात, मात्र चांगल्या स्थितीत असतील तरच. सर्वांत दुर्लक्षित राहते ते ब्रेक ऑइल. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आंबेनळी घाटातून पोलादपूरकडे उतरताना पायाखाली सतत ब्रेक राहिला, तर कॅलिपरमधले जुने ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल थेट तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी डॉट ४ चे सीलबंद डब्यातले ऑइल पूर्ण बदलावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे, वेगळ्या जातीचे ऑइल. ते यात मिसळू नये. मग चांगले पॅड, फुगलेले रबरी पाइप बदलणे आणि मागच्या ड्रमचे ॲडजस्टमेंट. मोठ्या डिस्कचा विचार त्यानंतर करावा, आणि साध्या वापरात तो बहुधा करावाच लागत नाही.

सस्पेन्शनमध्ये पहिला खर्च रबरावर करावा. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्ट्रटचे वरचे माउंट आणि मागच्या ॲक्सलला धरणाऱ्या लिंकचे बुश नवे झाले, शॉकअप बदलले आणि अलाइनमेंट झाले, की गाडी कशी चालायला हवी होती ते कळते. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंगचा वेढा कापण्याची पद्धत अजून चालू आहे, आणि ती वाईट आहे. वेढा कमी झाला की स्प्रिंग कडक होते, पण आखूडही होते. चाक खड्ड्यात लटकले की ती आपल्या बैठकीतून सुटू शकते, आणि शॉकअपला दबण्यासाठी जागा उरत नाही. मापाने बनवलेल्या स्प्रिंगा मिळाल्या तर गाडी २५ मिलिमीटरपर्यंत खाली आणावी. आपल्या गतिरोधकांचा विचार करता त्यापलीकडे जाऊ नये.

इथपर्यंत आलेल्या गाडीत ताकद वाढवणे सुरक्षित ठरते. इंजिन हा हवेचा पंप आहे: जितकी हवा आत जाईल तितके पेट्रोल जाळता येईल. पण उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बॉनेटखाली बसवला, तर तो रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतो. दर दहा अंशांच्या वाढीने हवेची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. शोषणाचा आवाज वाढतो, ताकद कमी होऊ शकते. मूळ फिल्टरचा डबा ठेवून त्याला बाहेरची थंड हवा मिळेल असा पाइप देणे अधिक फायद्याचे, आणि धुळीच्या रस्त्यांवर साधा कागदी फिल्टरच इंजिनाला जपतो.

एक्झॉस्टमध्ये खरा लाभ हेडरचा असतो. ओतीव लोखंडी मॅनिफोल्डऐवजी चार नळ्या आधी दोनांत आणि मग एकात मिळवल्या, तर एका सिलिंडरच्या वायूचा झोत पुढच्या सिलिंडरला रिकामे व्हायला मदत करतो. मागचा पाइप मात्र फार मोठा करू नये. एवढ्या लहान इंजिनाचा वायू रुंद पाइपात मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांतला जोर जातो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये हे लगेच जाणवते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो काढू नये. कायदा आहेच, शिवाय त्यामागची माणसे तीच हवा श्वासात घेतात.

हवा बदलली की पेट्रोलचे प्रमाण पाहावे लागते. पूर्ण ज्वलनाला एक भाग पेट्रोलमागे सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर पूर्ण ताकद साडेबारा ते तेराच्या आसपास मिळते. एमपीएफआय गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल, तर मंद चालीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हे प्रमाण स्वतः सावरतो, पण पूर्ण ॲक्सिलरेटरला तो ठरलेल्या तक्त्यावरच चालतो. कार्ब्युरेटरला सावरण्याची सोयच नाही. तिथे जेट बदलावे लागतात. यात आता इथेनॉलची भर पडली आहे. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला कमी हवा लागते, प्रमाण साडेतेराच्या जवळ येते. जुन्या जेटवर चालणारी गाडी त्यामुळे कोरडी पडते: सकाळी चोक लांबतो, पिकअप अडखळतो, हेड जास्त तापते. इथेनॉल जुन्या रबरालाही खाते. जेट एक पायरी मोठे करणे, इंधनाचे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घेणे आणि कार्ब्युरेटरची डायफ्रॅम-गॅस्केट बदलणे हे कार्ब्युरेटरच्या प्रत्येक झेनसाठी आज करण्याजोगे काम आहे, मग वेग हवा असो वा नसो. प्लगचे टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर प्रमाण ठीक. पांढरे पडले तर पेट्रोल कमी, काजळले तर जास्त. वाइडबँड सेन्सरने मोजता आले तर अंदाजाची गरज उरत नाही.

डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत इग्निशन टायमिंग एक-दोन अंश पुढे घेता येते, कारण आजच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन नव्वदीच्या सुरुवातीपेक्षा जास्त आहे. चढावर टकटक ऐकू आली की लगेच मागे यावे. हा नॉकिंगचा आवाज म्हणजे पिस्टनवर बसणारा घाव असतो.

हेडचे काम हा पुढचा टप्पा, आणि त्यात हिशेब चुकवून चालत नाही. एका सिलिंडरची क्षमता २४८ सीसी. उदाहरणादाखल कॉम्प्रेशन रेशो ९ आहे असे धरले, तर वरची मोकळी जागा ३१ सीसी असते. ते १० करायला ती २७.६ सीसीवर आणावी लागते. म्हणजे फक्त ३.४ सीसी कमी करायचे. सिलिंडरच्या पूर्ण क्षेत्रफळाने भागले तर ही ०.८४ मिलिमीटर जाडी होते. हेडमधला खळगा त्याहून अरुंद असल्याने प्रत्यक्षात थोडे अधिक घासावे लागते. एवढ्याशा धातूने नॉकिंग, गॅस्केट आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधले अंतर, सगळेच बदलते. हेड खाली आल्याने कॅमशाफ्ट क्रँकच्या जवळ येते आणि बेल्टवरचे टायमिंग सरकते, म्हणून ॲडजस्ट होणारी कॅम पुली लागते. खळग्यांचे माप ब्युरेटने घेणारा कारागीरच या कामाला निवडावा.

शेवटी इंजिनबदल. झेनचे जी-१० आणि एस्टीमचे १२९८ सीसीचे जी-१३ ही एकाच कुळातली इंजिने. त्यामुळे झेनमध्ये एस्टीमचे ८५ अश्वशक्तीचे इंजिन बसवणे हा भारतीय हौशी लोकांचा जुना आवडता प्रयोग. टनामागे ६७ वरून ११० अश्वशक्तीच्या पुढे जाणारी ही झेप आहे, आणि मोह समजण्यासारखा आहे. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. आरसीवर ९९३ सीसी असताना वेगळे इंजिन बसवलेली गाडी पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीत अडकते, आणि अपघातात विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते. त्यामुळे अशी गाडी रस्त्यासाठी नाही. रस्त्यावरच्या गाडीला पीयूसीची मर्यादा पाळावी लागते: बीएस-२ पूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत, बीएस-२ व बीएस-३ गाड्यांना ०.५ टक्के.

पूर्ण ताकदीची गाडी चालवण्याची जागा म्हणजे बंदिस्त ट्रॅक. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा आणि कोइमतूरचा कारी स्पीडवे हे दोन ट्रॅक महाराष्ट्रातल्या हौशी चालकांना ट्रेलरवर गाडी टाकून गाठता येतात. शर्यतीत उतरायचे तर परवाना, रोल केज, हार्नेस आणि अग्निरोधक कपडे लागतात. गाडी ट्रॅकवर सोडण्याआधी तपासनीस ऑइलची गळती, बॅटरीची पकड, इंधनाचे जोड, ब्रेक, टायर आणि चाकांचे बोल्ट पाहतात; त्यात नापास झालेल्या गाडीचे इंजिन कितीही अश्वशक्तीचे असले तरी ती पिटमध्येच उभी राहते.