तीस पंचावन्न

आमच्या माणदेशात फसवणूक ओळखायचं शिक्षण पोरांना शाळेत मिळत नसे, जनावरांच्या बाजारात मिळे. खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैल घ्यायचा तर जाणती माणसं आधी त्याचा जबडा उघडत. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला. वय दातावरून ठरायचं. दलालही काही कमी नसत. शिंगं तासून, तेल चोळून, रंग लावून उतरलेला बैल ते तरणा म्हणून उभा करत. म्हणून पारखी माणूस शिंगांकडं कमी बघायचा. खूर, खांदा आणि चाल बघायचा, जमलं तर औताला जुंपून बघायचा.

माझ्या मामाचं तालुक्याच्या गावी रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. सुट्टीत मी तिथंच असायचो. निर्जीव वस्तूलाही दात असतात, फक्त ते कुठं बघायचे हे ठाऊक पाहिजे, हे मला त्या दुकानात कळलं.

त्या काळी लग्नाच्या मांडवातला, जत्रेतला, निवडणुकीच्या जीपवरचा कर्णा ज्या अँप्लिफायरवर वाजायचा, त्याच्या पाठीवर धातूच्या दोन-चार टोप्या बसवलेल्या दिसत. हाच २एन३०५५ नावाचा ट्रान्झिस्टर. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीनं तो साठच्या दशकात आणला आणि पुढं जगभर अनेक कंपन्या तो करू लागल्या. आमच्याकडं त्याला कुणी पूर्ण नावानं ओळखत नसे. ‘तीस पंचावन्न’ म्हटलं की झालं. कागदावर त्याची ताकद १५ अँपियर, ६० व्होल्ट आणि ११५ वॅट. अर्थात बूड गार ठेवलं तरच.

१९८९ च्या लगनसराईतली गोष्ट. शेजारच्या वाडीतल्या एका आबांचा स्पीकरचा संच होता. शेती नावाला. चार शेळ्या आणि बायकोचं डोरलं मोडून त्यांनी तो संच घेतला होता. लग्नाच्या चार महिन्यांत जे मिळेल त्यावर वर्षाचं घर चालायचं. त्यांचे तीस पंचावन्न एकदा उडाले, मामानं नवे घातले. पंधरा दिवसांत पुन्हा उडाले. तिसऱ्यांदा उडाले ते मंगलाष्टकं चालू असताना. कर्णा खरखरला आणि गप्प झाला. नवऱ्याकडच्यांनी पैसे तर दिले नाहीतच, वर पुढच्या दोन ऑर्डरी मोडल्या.

बाजारच्या दिवशी आबा दुकानात आले. दारात माणसं उभी होती. आबांनी अँप्लिफायर टेबलावर आदळला.

“भाऊ, माझं वरिजनल काढून घितलंस आन् हे खोटं घातलंस. गरिबाच्या पोटावर पाय दिलास.”

रिपेअरवाल्याला यापेक्षा मोठी शिवी नसते. आत काय घातलं, काय काढलं, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. सगळा धंदा शब्दावर. त्या दारातून एकदा नाव गेलं की ते दहा गावांत जाणार. मला वाटलं, मामा आता भांडणार. पण मामानं आबांना स्टूल दिलं, चहा सांगितला आणि जुन्या भंगाराच्या डब्यातून एक टोपी काढली. आबांच्या संचातून पहिल्यांदा जळालेला नग होता तो. दुसरा घेतला परवा जळालेला. तिसरा, खोक्यातला कोरा.

आधी तिन्ही शेजारच्या सोनाराच्या काट्यावर टाकले. जुना जड भरला, दोन्ही नवे हलके. मग मामानं एकेक शिकंजात धरून आरीनं त्याची टोपी कापली. लोकांनी माना पुढं केल्या.

जुन्याच्या आत जाड तांब्याच्या चकतीवर शाळूच्या दाण्याहून मोठा चौकोनी तुकडा बसवलेला होता. नव्यात तांबं नव्हतंच, आणि तुकडा बाजरीच्या दाण्याएवढा.

“आबा, सगळा करंट ह्या दाण्यातनं जातो,” मामा म्हणाला. “उष्णता भायेर पडती ती बी ह्याच्याच बुडातनं. दाणा एवढासा, मग बूड किती आसंल? मोटंचा सोंदूर तुटंल आसं वझं सुतळीला बांधल्यालं हाय हे. मलाबी फशिवलंय.”

“मग मीटर लावून बघितलं न्हाईस?”

“बघितलं की. मीटरला जिता का मेला येवढंच कळतं. वझं किती उचलंल ते कळत न्हाय.”

हे मामाचं वाक्य मला पुढं आयुष्यभर उपयोगी पडलं. खोटा माल मेलेला नसतो. तो चालतो, आवाजही चांगला देतो. कमी ताकदीचा माल जास्त ताकदीच्या नावानं विकलेला असतो, म्हणून भार आला की जातो.

त्या रात्री मामानं भार लावून बघायची युक्ती केली. ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या एकामागं एक जोडून २४ व्होल्ट केले. मध्ये १२ व्होल्टचा हेडलाइटचा बल्ब आणि त्याच्या पुढं मोठ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेला तीस पंचावन्न. बल्ब नेहमीच्या उजेडानं पेटेल इतपतच करंट जाऊ द्यायचा. म्हणजे अर्धे व्होल्ट बल्ब घेणार, अर्धे ट्रान्झिस्टर. बल्ब ३५ वॅटचा असेल तर ट्रान्झिस्टरच्या अंगावरही तेवढाच भार. खऱ्याला तो किरकोळ. खऱ्या नगावर बल्ब अर्धा तास शांत जळत राहिला. खोटा लावला, काही मिनिटांतच तो आत चिकटला, बल्बला पूर्ण २४ व्होल्ट मिळाले, तो पांढराफेक पेटला आणि गेला. मग मामा गॅरेजमधून डिपर उडालेले, पण एक तार शाबूत असलेले बल्ब फुकट आणू लागला.

मग आम्ही भिंग घेऊन खोकं तपासलं. टोपीवर चार आकडी तारीख असते. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ८७३२ म्हणजे १९८७ सालचा बत्तिसावा आठवडा. आमच्या नगांवर छापलं होतं ८६५८. मामा हसला. “वर्सात अठ्ठावन्न आठवडं! पगार बी तसाच मिळाला पायजे.” छापणाऱ्याला त्या आकड्याचा अर्थच ठाऊक नव्हता.

खोक्यात तीसेक नग उरले होते. व्यापाऱ्यानं परत घ्यायला नकार दिला. एक ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, “निम्म्या भावात मला द्या, मी लांबच्या तालुक्यात खपवतो.” घरात पैशाची ओढ होती. बियाणं घ्यायचं होतं, मामी म्हणाली, देऊन टाका. मामानं रात्री बसून एकेका टोपीवर हातोडा घातला. “कुणाच्या तरी मांडवात हेच वाजायचं,” एवढंच बोलला. मामी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

नंतर रात्रीच्या एसटीनं तो मुंबईला गेला, लॅमिंग्टन रोडवरून बिलासहित नवे नग आणले. आबांसमोर बल्बवर चालवून दाखवले आणि मजुरी न घेता बसवले. आबा गुडघ्यात डोकं घालून तो बल्ब बघत बसले होते. उठताना म्हणाले, “बाजारात बोललो, ते बाजारातच माघारी घेतो.” पुढच्या बाजारी त्यांनी तसं केलंही.

आता माल बदलला, पण रीत तीच आहे. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी भंगार बोर्ड तापवून आयसी काढतात. असे जुने आयसी पुढं कुठंतरी घासून, काळा थर देऊन, वर नवं नाव छापून बाजारात येतात. ॲसिटोनच्या बोळ्यानं पुसलं की काळं उतरतं. कधी नुसती शाई खऱ्याचीही उतरते, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नये. पाठ आणि कड यांचा पोत एक आहे का, पहिल्या पायाजवळचा खळगा रंगानं बुजलाय का, पायांवर जुन्या कथलाची खूण आहे का, हे सगळं मिळून बघावं. पंपाच्या कपॅसिटरचंही तसंच. मोठ्या डब्यात लहान कपॅसिटर घालून वर ३६ मायक्रोफॅरड छापलेलं असतं. मोजायचा मीटर हाताशी असेल तर आधी मोजावं. रात्रीच्या लायटीच्या पाळीत मोटर गुरगुरत उभी राहिली आणि जळली, तर रिवायंडिंगचा खर्च आहेच, वर पाणी चुकलेलं पीक.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आबांचा नातू आता मोठा साउंड चालवतो, पार्ट ऑनलाइन मागवतो. मध्यंतरी त्याच्याकडं गेलो तर नुकतंच पार्सल आलेलं होतं. दहा नग होते. त्यानं त्यातला एक उचलला, शिकंजात धरला आणि सरळ आरी चालवली.

“अरे, कोरा आहे तो,” मी म्हणालो.

“काका, दहात एक गेला असंच धरायचं. आमच्या आज्यानं सांगितलंय.”